अ वाद, अ बाद, अ माद

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, रोसावीलच्या धक्क्यावर,
मासळी सोसायटीच्या वरच्या खोलीत
बार्ब्रे फळ्यावर एकच अक्षर काढते.
रोमन a. एवढंसं. पोट सुटलेलं, पाठीला टेकू.

'हा त्याचा. हाच तिचा. आणि त्यांचाही हाच.'
मग ओळखायचं कसं?
'त्याच्या तोंडाकडे बघू नका.
पुढच्या शब्दाचं काय झालंय ते बघा.'

बाद म्हणजे बोट.
त्याची असली की ब मऊ पडतो: अ वाद.
त्यांची असली की ब नाकात शिरतो: अ माद.
तिची असली तर काहीच होत नाही.
अ बाद. ब जसाच्या तसा, कोरडा,
ओठावर ओठ आपटून.

'तिच्यापुढे शब्द हलत नाही,' बार्ब्रे म्हणते,
आणि खडू मोडतो.

रादोस्वाव बर्फाच्या खोलीतून थेट आलाय, बोटं अजून लाल.
त्याच्या पोलिशमध्ये हे अक्षर 'आणि' आहे,
पण सांधणारं नव्हे, त्याला दुसरं आहे.
हे मधे उभं राहतं आणि दोन काठ दाखवतं:
मी इथे, आ ती तिथे.
रोज रात्री फोनवर तो बायकोला एवढंच सांगतो,
बाकी सगळं हवापाणी.

जुसाराचं पोर्तुगीज a पुढे बघतं: दोन वर्षांनी परत येईन.
मागे बघायचं तर त्याच्याआधी एक मुका h लिहायचा:
दोन वर्षं झाली येऊन.
कानाला दोन्ही सारखीच.
पलीकडून आई विचारते, म्हणजे नक्की केव्हा गं?

खिडकीखाली निळ्या ताडपत्रीत एक बोट आहे.
कोलमानची.
तो बुडाला नाही. गॉलवेच्या इस्पितळात गेला,
फुप्फुसं थकली म्हणून, दुपारी, चहा येण्याआधी.
तेव्हापासून विमा बार्ब्रे भरते,
डांबर बार्ब्रे लावते, कागदावर सही तिची,
तरी अख्खं बंदर म्हणतं अ वाद. त्याची बोट.
दुकानात. चर्चच्या पायऱ्यांवर.
मऊ, आदराने, टोपी काढावी तसा ब काढून ठेवून.

आज बोग्लार्का खिडकीशी उभी आहे.
हंगेरीत, म्हणते, आमचा तो आणि ती
ओठांच्या एकाच चंबूत मावतात,
बोट कुणाची हे बोटीलाही ठाऊक नसतं.
मग काचेवर बोट टेकवून, नुकताच शिकलेला धडा
ती मोठ्याने म्हणून बघते. म्हणायचं असतं त्याची,
कोलमानचं नाव तिनेही ऐकलंय.
पण ब मऊ करायला विसरते.

अ बाद.

खोलीत रेडिएटर टकटकतो.
बार्ब्रे तोंड उघडते. तिने आयुष्यभर
पोरांच्या वह्यांत हीच चूक लाल केली.
ती तोंड मिटते.
'पुन्हा म्हण,' म्हणते.
बोग्लार्का पुन्हा म्हणते, तितकंच चुकीचं.
'हं,' बार्ब्रे म्हणते. 'पुढे.'

मी ज्या भाषेत हे लिहितोय तिथे
अ पुढे आला की शब्दातून माणूस उठून जातो:
अबोल, अचल, अनाथ.
इथे आल्यापासून ही सवय सुटता सुटत नाही.
कुणी कुणाला हाक मारली तरी मला आधी नकारच ऐकू येतो.
कारण हाकेलाही इथे तेच अक्षर लागतं:
अ खॉलमाइन! नावातला क घशात घासून ख होतो,
शेवटचा न जिभेवर बारीक होतो.
हाक मारली म्हणजे नाव थोडं झिजतंच.

नऊ वाजता दिवे जातात. ओहोटी आहे.
बार्ब्रे एकटी धक्क्याची लोखंडी शिडी उतरते,
पायऱ्या मोजत, अंधारात सगळे मोजतात तशी:
अ हेन, अ दो, अ त्री.
आकड्याआधीचा हा अ कुणाचाच नाही.
त्याचा नाही, तिचा नाही.
नुसता, पाय ठेवण्याआधी घेतलेला श्वास.

खाली ताडपत्रीची गाठ ओली आहे.
ती हातमोजे काढते.