लोखंडाच्या भावात

भद्रकालीतल्या भंगारवाल्याने ती तराजूतच टाकली होती.
म्हटलं, अहो, लाकूड आहे हे.
त्याने भाव अजून उतरवला.

नाव खरवडलेलं, शेवटचं अक्षर तेवढं शिल्लक.
नाशिकरोडच्या खैरनारांनी नवी तात ओढली,
टिचकी मारून कान लावला :
"बावीस किलोच्या वर नको. बोलू दे तिला."

देवळालीचं कोर्ट, पहाटेचा गारठा.
समोर ओजस, हातात काळं कार्बन.
चार गेम बघता बघता त्याचे.
पाचव्यात मी मारणं सोडलं,
नुसती धरली.
चेंडू तातीत जरा रेंगाळला,
उंबऱ्यात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखा,
आणि जाळीपलीकडे टपकन पडला.
ओजस जागचा हलला नाही.

हरले. सहा-एक.
घरी येऊन शिकंज्याचे चार पितळी स्क्रू आवळले,
फार घट्ट नाही.