वहीतलं गाफ

सिस्टर हेमांगी विचारतात, "अंगणात काय लावू?
सावलीही हवी, फुलंही हवीत."
हातात नव्या घराची किल्ली, अजून जुडग्यात न ओवलेली.
मी विचारतो, करार किती वर्षांचा?

हा प्रश्न मला अरबाबने शिकवलेला नाही.
तो म्हणतो, फसंत, आधी खड्डा विचार, मग पाणी, मग पैसे.
(व त्याच्या तोंडात बसत नाही.
वसंत नावाचा माणूस बुरैमीत येऊन फसंत झाला,
मी दुरुस्त करायचं सोडलं.)

दोन वर्षांचा, त्या म्हणतात. वाढेल बहुतेक.

मग सदाफुली न्या.
दोनशे बैसा. तीन घेतलीत तर पाचशे.
आज लावा, शुक्रवारी फूल.
जूनच्या दुपारी मान टाकेल,
संध्याकाळी तांब्याभर पाणी मिळालं
की काही झालंच नव्हतं अशी उभी.
बी कुठेही रुजतं: फरशीच्या फटीत,
एसीचं पाणी ठिबकतं त्या कोपऱ्यात,
एकदा तर गुलबहारच्या फाटक्या बुटातून निघाली, गुलाबी,
आणि त्याने आठवडाभर दुसरे बूट घातले.
शेळ्या तोंड लावत नाहीत, कडू.
माझे काका साखर उतरेल म्हणून रोज चार फुलं चावत
आणि वर गुळाचा चहा पीत.
सावली मात्र तिच्याकडे मागू नका.
तिच्या पायांपुरती असते, तीही सकाळची.

"आणि ते?"

ते गाफ.
काटे आहेत. फुलतं,
पण फुललंय हे मधमाशीलाच कळतं.
पहिली चार-पाच वर्षं तुम्हाला वाटेल, पैसे वाया गेले.
पाणी घालाल, बघाल, कमरेएवढंच.
त्याचं काम खाली चाललेलं असतं,
विहीर खणणारा माणूस वरून दिसत नाही तसं.
पंधराव्या वर्षी सावली. दाट नाही,
पिठाच्या चाळणीतून पडावी तशी,
पण तिच्यात आख्खा उंट बसतो
आणि उठताना, मान पोचेल तिथवर,
पाला सरळ रेषेत कातरून जातो.

"पंधरा!" त्या हसतात. "तोवर मी आजी होईन कुठेतरी."

मी सांगत नाही, पण सांगतोच:
ही आपली शमी, सिस्टर.
मला सहा वर्षांनी कळलं, शेंग मोडून चाखली तेव्हा.
दसऱ्याला आम्ही वेशीबाहेर जायचो,
शमीला कुंकू, मुळाशी तांदूळ, मूठभर माती उपरण्यात,
आणि दिवेलागणीला परत.
परत येणं हा सीमोल्लंघनाचा अर्धा भाग असतो,
हे तेव्हा कुणी वेगळं सांगितलं नाही.
इथे कुंपणापलीकडे अल ऐनचे दिवे लागतात.
शिक्का मारून जाता येतं, शिक्का मारून येता येतं.
बाकी अर्ध्या भागाला शिक्का नाही.

त्या किल्ली पिशवीत टाकतात.
"मग तेच द्या."

मी वाकतो. काळी पिशवी दोन्ही हातांनी धरतो.
हलत नाही.
गुलबहार येतो, तोही धरतो. हलत नाही.
मला माहीत होतं, खरं तर, गेल्या वर्षापासूनच.
पिशवी तळाला फुटलीय, मूळ जमिनीत उतरलंय,
पेवर ब्लॉकच्या खाली, अरबाबच्या जागेत,
भाडेपट्ट्याच्या बाहेर.
गुलबहार कोयता आणतो. "काट दूँ?"

सिस्टर हेमांगी पटकन म्हणतात, नको नको,
ऑपरेशन टेबलावर म्हणत असाव्यात त्या आवाजात.
मग तीन सदाफुल्या घेतात. पाचशे मोजून देतात.
एक गुलाबी, दोन पांढऱ्या.
निघताना विचारतात, "तुमचा करार?"

दोन-दोन वर्षांचा. दहाव्यांदा मार्चमध्ये.

संध्याकाळी मी गाफवरची किमतीची चिठ्ठी काढली.
ठिबकची नळी तिथून सरकवून कण्हेरीकडे नेली,
त्याला आता आमची गरज नाही.
अरबाब हिशेबाला आला, रोपं मोजू लागला.
एक कमी, म्हणाला.
मी वहीत लिहून दाखवलं:
गाफ, एक. मेलं.