अपॉस्ट्रॉफीपुरती जागा

दगडाला खोडरबर नसतं.
हे बाबांनी मला अकराव्या वर्षी सांगितलं,
छिन्नी हातात देण्याआधी.
म्हणून मी प्रत्येक मजकूर तीनदा वाचते,
त्यातला एकदा उलटा.

माणूस गेल्यावर लोक लगेच लिहितात,
फोनवर, अंगठ्याने, नाक पुसत.
कळतं मला. तरीही
एका 'देअर'च्या जागी भलताच 'देअर',
'वुड हॅव'चं सर्रास 'वुड ऑफ',
आणि 'इट्स'च्या डोक्यावर, नको तेव्हाच,
तो शेपटीवाला ठिपका –
भातात खडा लागावा तशी दाढ कळवळते.
अल्व्हरस्टनमध्ये सव्वीस वर्षं
मेलेल्यांचं व्याकरण मी सांभाळलंय.
जित्यांचं कोण सांभाळणार?
बाजारपेठेतल्या पाटीवर 'चिप्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी आहे.
तो दिसू नये म्हणून मी
चर्चला वळसा घालून पाव आणायला जाते.
त्यात आडनाव पोस्लथ्वेट.
तेरा अक्षरं, तोंडात येतात त्यातली निम्मी.
गॅसचं बिल दर खेपेला
मला नव्या नावाने हाक मारतं.

मार्चमध्ये जॉस टायसन आला, फ्लूकबरहून,
ओहोटीत ट्रॅक्टर घालून कोळंबी ओढणारा.
बुटांना वाळू. टोपी हातात.
पाकिटातून त्याने फ्रिजवरची चिठ्ठी काढली,
कोपऱ्यात लोण्याचा डाग.
मॅव्हिस पन्नाशी ओलांडून लिहायला शिकली होती,
लायब्ररीत, दर मंगळवारी.
तिला लिहायचं होतं: तुला उशीर झालाय,
जेवण ओव्हनमध्ये आहे.
"पहिले दोनच शब्द कोरा," तो म्हणाला,
"जेवणाचं नको."

युअर लेट.

मी तांबडी पेन्सिल घेतली.
इथे एक ठिपका, इथे शेवटी एक 'ई'.
अक्षराला साडेचार पौंड पडतात,
पण हे दोन्ही माझ्याकडून, म्हटलं.
तो बराच वेळ पेन्सिलीच्या खुणेकडे बघत राहिला,
भरतीची वेळ मोजावी तसा.
"मग ते तुमचं होईल," म्हणाला.
आणि टोपी घालून निघून गेला.

रात्री चिठ्ठी टेबलावर. चहा गार.
आयुष्यभर मी वाचत आले
काय असायला हवं होतं ते.
त्या रात्री, दमले होते म्हणून असेल,
वाचलं जे लिहिलं होतं तेच.
युअर: तुझी.
लेट: आमच्या भाषेत उशिरा येणारा लेट,
आणि कायमचा गेलेलाही लेटच.
तुझी दिवंगत.
पत्राखाली सही करावी तसं,
चार वर्षं आधीच करून ठेवलेलं,
खाली जेवणाचा निरोप.

तिला हे ठाऊक होतं असं मी म्हणत नाही.
तिला फक्त स्पेलिंग येत नव्हतं.

कर्कबीच्या निळ्या पाटीदगडात कोरलं, जसंच्या तसं.
'यू' आणि 'आर' यांच्यामध्ये तेवढी
केसभर जास्त जागा सुटली.
सोडली म्हणा. हात ऐकेना.

तेव्हापासून तीन पत्रं आलीत:
तिसऱ्या रांगेतल्या दगडावर अक्षम्य चूक आहे,
आपले वडील असते तर.
एकात 'सिमेट्री'चं स्पेलिंग चुकलंय.
तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करून
ते मी खणात ठेवलंय. परत पाठवलेलं नाही.

जॉसचा चेक जूनमध्ये आला.
त्यावर माझं आडनाव अकरा अक्षरांचं.
दोन कुठे गळली कोण जाणे, वाळूत असतील.
बँकेने काही विचारलं नाही.
मीही नाही.

पावाला अजून चर्चकडूनच जाते.