दिवसाची आवक

सोहारच्या दवाखान्यात सकाळी साडेसहाला
मुक्तार परकार बाही वर सारतात.
रात्रपाळी उतरून आलेत, भुवईत अजून गंजाची धूळ.
"दिवसरात्र लोखंडात, नि रिपोर्टात लोखंड नाही,"
स्वतःच हसतात. ते खेडच्या बाजूचे.
मी मालगुंडची. एवढ्या ओळखीवर
शीर लवकर सापडते.

जेवता काय?
मसूर. रोज मसूर नि खुबूस. शुक्रवारी मासा.
आणि वर?
वर चहा. करक.
तो नसला तर जेवलोच नाही असं वाटतं.

गोम तिथंच आहे.
मसुरातलं लोह भिडस्त,
चहाचा तुरटपणा त्याला वाटेत गाठतो,
खांद्यावर हात टाकतो, सोडतच नाही,
तोवर आतड्याचं पहिलं वळण मागं पडतं.
आत शिरायची सोय त्या वळणावरच.
पुढं बारा-तेरा हात
नुसता रस्ता.

शिरलं, तरी भागत नाही.
पेशीच्या उंबऱ्याशी ते बसून राहतं.
रक्तात एकट्यानं हिंडायची मुभा नाही त्याला.
ट्रान्सफेरिन नावाचा कफील यावा लागतो,
तो हाताला धरून हाडांच्या मज्जेपर्यंत नेतो.
आणि यकृतानं निरोप धाडला, सध्या भरती बंद,
की दार लागलं.
पेशीचं आयुष्य चार दिवसांचं.
ती गळते, आणि वाट पाहत बसलेलं लोहही
तिच्याबरोबर जातं,
कुणाच्याच हिशेबात न येता.

हे मी त्यांना असं सांगत नाही.
म्हणते, चहा दोन तासांनी घ्या.
मसुरावर लिंबू पिळा.
"लूमी चालेल? मेसमध्ये पोतंभर पडलीय."

लूमी. काळी, हलकी, कानाशी हलवली तर बिया वाजतात.
उन्हानं तिच्यातलं 'क' बहुतेक नेलं,
आंबट तेवढं ठेवलं.
आंबटाचाही थोडा उपयोग असतो, मी म्हणते,
पण ताजं बरं.
(मला इथं अकरा वर्षं झाली.
मागच्या महिन्यात माझीच ट्यूब मशिनीत लावली:
'ड' नऊ. एवढ्या उन्हाच्या देशात नऊ.
गाडीपासून दारापर्यंत माझं ऊन बावीस पावलांचं,
बाकीचं काचेतून येतं,
आणि काचेतून आलेल्या उन्हाला
कातडीची ओळख पटत नाही.)

शमसा बलूशी, आमच्या काउंटरवरची,
सहमच्या बागेतली लिंबं पिशवीभर घेऊन येते.
तिला मराठी येत नाही, मला अरबी कामापुरती,
पण 'लिंबू' म्हटल्यावर
तिनं पिशवी माझ्याकडं सरकवली.

ट्यूब भरली. पाच मिली.
त्यात लोह असेल दीडेक मिलिग्राम.
एवढंच धड माणसाचं शरीर
दिवसभरात आत घेतं, तेही दिवस बरा गेला तर.
म्हणजे गाठीला किती उरलंय हे बघायला
मी त्यांची एक दिवसाची कमाई काढून घेतली.
तशी शरीराची चाल काटकसरीची.
तांबडी पेशी चार महिन्यांनी मोडते,
तिचं लोह पुसूनपासून नवीला देतात,
रजेवर गेलेल्याची खाट
मेसमध्ये त्याच रात्री दुसऱ्याला देतात, तशी.
बाहेर टाकायला म्हणून दार ठेवलेलंच नाही.
सांडलं तर रक्तातून सांडतं.
किंवा माझ्यासारखी कुणी
सकाळी साडेसहाला सुई घेऊन बसलेली असते.

मुक्तार कापूस दाबून धरतात.
ट्यूबवर मी नाव लिहिते, तारीख, वेळ.
उठताना पिशवीतली दोन लिंबं उचलतात,
नाकाशी नेतात,
एक परत ठेवतात.
"मागं अजून तिघं बसलेत," म्हणतात.