सोवळ्याची दोरी

निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून आमचं घर.
तिथं चोवीस वर्षं राहून मी कधी शिंकले नाही.
आष्ट्यात आले
आणि पहिल्याच भाद्रपदात
एका दमात अकरा.
सासूबाई मोजत होत्या.

सुकुमार उंबऱ्यात, पायात चपला.
शिंक झाली की परत यायचं, बसायचं,
घोटभर पाणी पिऊन मग निघायचं, ही या घरची रीत.
तो बसला, उठला, मी शिंकले, तो बसला.
शेवटी म्हणाला, आई, अशानं आपला ऊस
कारखान्याला पुढच्या साली पोचेल.
त्या दिवसापासून माझ्या शिंका
शकुनातून वगळल्या.

मग मिरज.
डॉक्टरांनी हातावर पेनानं खुणा केल्या,
प्रत्येक खुणेवर एक थेंब, एक टोचणी.
धूळ गप्प राहिली. झुरळ गप्प. मांजर गप्प.
गाजरगवत तेवढं फुगलं, गांधीलमाशी चावल्यागत,
आणि त्याच्या खाली साधं गवत,
रुपयाएवढं.
कपडे बाहेर वाळत घालू नका, ते म्हणाले,
इतक्या सहज,
जणू आमच्या घरातून बाहेर
वेगळं काढता येतं.

तीन बाजूंनी ऊस. चौथ्या बाजूला बांध,
बांधावर कमरेएवढं गाजरगवत, पांढरं फुललेलं.
अंगणात दोन खांबांना तार
आणि तारेवर सासूबाईंची श्रद्धा:
"उन्हात वाळल्याबिगर कापडाला कापड म्हणू ने."
चादर झटकून त्या नाकाशी धरायच्या.
"बघ की, ऊन कसं वास मारतंय."
मीही हुंगायचे, सुनेनं हुंगावं तसं.
त्यांना ऊन मिळायचं, मला उरलेलं सगळं.
रात्री उशीच्या अभ्र्यातून
अख्खा बांध डोळ्यांत उतरायचा.

कुठं माशी शिंकली हे शोधायला
आमच्याकडं माशीची गरज नव्हती.

मग मी खोलीतच वाळवू लागले.
खुर्चीच्या पाठीवर कुर्ता, खिडकीच्या गजांना मोजे,
पंखा पाचवर.
कुबट वास पतसंस्थेत माझ्याबरोबर यायचा.
"घरात कुणी आजारी असल्यागत दिसतंय," त्या म्हणाल्या.
आहेच की, मी म्हणाले.
दोन दिवस भांडी जरा जोरात वाजली.

आतल्या खोलीत, आढ्याला लागून, एक दोरी आहे.
तिच्यावर एकच साडी वाळते,
बस्तीत नेसून जायची.
काठीनं टाकायची, काठीनं काढायची.
कुणी शिवायचं नाही.
महिन्यातले चार दिवस तर
मी त्या दोरीखालून जातही नव्हते.

कार्तिकात उसाला तुरे आले.
एक रात्र मी भिंतीला टेकून, बसूनच काढली.
पलीकडं कुणीतरी जागं होतं, कूस बदलत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले
तर आतल्या दोरीवर
ती साडी एका कडेला सरकवलेली, चुण्या पडेपर्यंत,
आणि उरलेल्या लांबीवर
माझे अभ्रे, टॉवेल, दोन कुर्ते,
आणि, अरे देवा, परकर.
खिडकीच्या फटीत जुन्या पातळाच्या चिंध्या कोंबलेल्या.

त्या मेथी निवडत होत्या.
"शिवायचं न्हाई म्हणून तर हाय ती दोरी,"
वर न बघता म्हणाल्या.
"माणसानं शिवू ने, न्हाईतर वाऱ्यानं.
दोरीला काय त्याचं."

चादरी अजून बाहेरच वाळतात.
त्यांच्या अंथरुणाला ऊन लागतं, लागू दे.
माझे कपडे काठीनं उतरतात,
काठीवरूनच माझ्या हातात येतात,
घडी मात्र मीच घालायची.

काल मला शिंक आली, एकच.
सासूबाई बस्तीला निघालेल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर.
परत आल्या.
पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या.
घोटभर पाणी प्यायल्या.
मग गेल्या.