सळई कुठल्या बाजूला

साईली पागी, वही मीट जरा.
पहाटेचे सव्वाचार. कुंकळ्ळीहून मिक्सर सुटलाय
आणि बेतूलच्या ह्या बर्फ-कारखान्यावर
सज्जाच्या सळया अजून मोजायच्या आहेत.

डिप्लोमात शिकवलं असेल:
काँक्रीट दाबाला खंबीर, उरावर हत्ती घेईल,
पण ओढलं की दहाव्या हिश्शातच हाय खातं.
ओढ सोसायला पोलाद, म्हणून ते ताणाच्या बाजूला.
बरोबर. परीक्षेत दोन मार्क.

ताणाची बाजू कुठली?

तुळई दोन खांबांवर टेकलेली असते, तिचं पोट ताणतं.
सळई खाली.
आणि हा सज्जा: एक टोक धरलेलं, दुसरं हवेत.
हात पुढे कर. सरळ.
ही पाण्याची बाटली धर तळव्यावर.
कुठे ओढ बसते? खांद्यावर, वरून.
झालं.

अठ्ठ्याण्णव साली मलाही हे पाठ होतं.
असोळण्याला एर्मेलिंदा फुर्तादोंचा सज्जा.
आठ सळया, बारा मिलिमीटरच्या, वरच बांधलेल्या.
मोजल्या, सही केली, जेवायला गेले.
बाईंनी बांगड्याची कडी केली होती,
मी दोनदा भात घेतला.
तेवढ्या वेळात घमेली घेऊन सोळा माणसं
त्याच जाळीवरून गेली, आली,
गेली, आली.
सळया पायाखाली बसत गेल्या. मुद्दाम कुणीच काही केलं नाही.

चार वर्षं सज्जा गप्प राहिला.
पाचव्या वर्षी उंबऱ्यालगत, फरशीवर, केसाएवढी भेग.
मग नख जाईल एवढी.
फोडला तेव्हा सापडल्या तळाशी,
आठच्या आठ,
निळसर, जवळजवळ नव्या,
ज्या कामाला आणल्या त्याला एकदाही हात न लावलेल्या.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
'देव बरें करूं' म्हणाल्या
आणि अबोलीची कुंडी उचलून आत नेली.

बसप्पा, त्या कोपऱ्यात अजून दोन खुर्च्या दे.
हो, सळईच्याच खुर्च्या, साईली. वरची जाळी त्यांच्यावर बसते,
म्हणून हा माणूस बागलकोटहून आला तरी
मी त्याला पाटावर बसवते.

आता कव्हर. पंचेचाळीस मिलिमीटर,
तुझी अडीच बोटं, माझी सव्वादोन.
समुद्र कुठे आहे हे तुला मी सांगायला नको,
बाबांच्या होडीचा नांगर दरवर्षी किती झिजतो ते तू पाहतेस.
सिमेंटातला चुना सळईच्या अंगावर पातळ कवच धरून असतो.
मीठ त्या अडीच बोटांतून चालत येतं, वर्षाला कणभर,
आणि पोचलं की कवच सोलतं.
गंज पोलादापेक्षा जास्त जागा मागतो,
भिंत आतूनच फुटते.
मिठाला थांबवता येत नाही ग.
त्याचा रस्ता लांबवायचा, एवढाच आपला पगार.

म्हणून पाणी.
नऊ वाजता ऊन चढेल, पोरं म्हणतील,
'मॅडम, माल घट्ट आहे, एकच बालदी.'
ती बालदी उडून जाते.
तिच्या जागा मात्र काँक्रीटमध्ये तशाच राहतात,
बारीक, रिकाम्या,
मिठाला उतरायला धर्मशाळा.
नाही म्हण. हसत म्हण, पण नाही म्हण.

एक गोष्ट मला अजून चकित करते.
उन्हात दोघं जवळजवळ सारखीच वाढतात,
थंडीत सारखीच आकसतात.
पोलाद वेगळ्या खाणीतलं, सिमेंट वेगळ्या डोंगरातलं,
कुणी पत्रिका जुळवली नव्हती.
नाहीतर पहिल्याच मे महिन्यात फारकत.

तो बघ, वळणावर दिवा.
व्हायब्रेटर चालू करून बघायला सांग.
ह्या फळ्या टाकून घे, जाळीवर पाय नको कुणाचा,
माझासुद्धा.
डबा मी इथेच आणलाय.