ठसा

ग्रिम्सबी. रात्रीचे दोन. मासळीच्या कारखान्यात
वीस मिनिटांची सुट्टी. हातमोजे काढून
फोन केचपच्या बाटलीला टेकवते.

चार मिनिटांची फिल्म:
मातीच्या म्हातारीची बस चुकते,
एवढंच.
पण तिच्या गालावर घडवणाऱ्याचा अंगठा उमटलाय,
चित्रागणिक जरासा सरकतो,
जसं कुणी तिला सारखं गोंजारतंय.

डोरोटा म्हणते, पुन्हा लाव,
या खेपेला मिळते का बघू.

नाही मिळत.
शेवटी एकच नाव, आणि आभार
आईचे: स्वयंपाकघरातलं टेबल
तीन वर्षं अडवू दिलं म्हणून.

भोंगा.
दारावरचं यंत्र माझं बोट ओळखत नाही,
बर्फानं रेघा पुसट केल्यात.
पुन्हा टेकवा, म्हणतं.

टेकवते. हलकेच,
ओल्या मातीवर टेकवावं तसं.